पिकअपचं पाणी कुठे जातं? हेड उतरवण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. 2011 सालची डिझेल पिकअप, चोपड्याहून केळी भरून इंदूरकडे जाते. दर दोन-तीन दिवसांनी रेडिएटरमध्ये अर्धा-पाऊण लिटर पाणी टाकावं लागतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकला तरी सकाळी त्यावर थेंब नसतो. सपाटीला तापमानाचा काटा ठीक असतो, पण शिरपूर सोडून बिजासन घाट लागला की लाल पट्टीकडे सरकतो. मागच्या उन्हाळ्यात एका मिस्तरीने थर्मोस्टॅट वॉल (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेकला. दुसरा आता म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, हेड उतरवू.

भाऊ, हेड एवढ्यात उतरवू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं गॅस्केटला लागू पडतात हे खरं. पण तीच लक्षणं रेडिएटरच्या मेलेल्या झाकणाला, गळक्या वॉटर पंपाला, रेडिएटरच्या अर्ध्या बुजलेल्या जाळीला आणि फुटलेल्या ईजीआर कूलरलाही (इंजिनचा धूर थंड करणाऱ्या डबीलाही) लागू पडतात. शिवाय गॅस्केट बहुतेक वेळा आपणहून जात नाही. गाडी आधी दहा-वीस वेळा तापते आणि मग गॅस्केट जातं. तापण्याचं मूळ तसंच ठेवून हेडचं काम केलं, तर नवं गॅस्केटही त्याच वाटेने जातं आणि दोष मात्र गॅस्केटच्या कंपनीला लागतो.

आधी पाणी कधी कमी होतं ते ठरवा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटर गळ्यापर्यंत भरा आणि ओव्हरफ्लोच्या बाटलीवर (रेडिएटरचं जादा पाणी जाते ती) मार्करने रेघ मारा. रात्रभर गाडी उभी ठेवून पातळी बघा. मग रिकामी गाडी चालवून बघा, मग भरलेली. उभ्या गाडीत पाणी घटलं तर गळती बहुधा बाहेर आहे. फक्त चालताना घटलं तर दाब चढल्यावर उघडणारी जागा शोधायची. फक्त घाटात घटत असेल तर ते बहुधा उकळून बाटलीवाटे बाहेर उडतं. चौथा प्रकार लोक सहसा विसरतात: बाटली काठोकाठ भरते, रेडिएटर मात्र रिकामा होतो आणि थंड झाल्यावरही पाणी परत ओढलं जात नाही. तिथे झाकण तरी गेलेलं असतं, नाहीतर झाकणापासून बाटलीकडे जाणारी बारीक नळी तडकलेली असते. नळी तडकली की थंड होताना रेडिएटर पाण्याऐवजी हवा ओढतो.

झाकणापासूनच सुरुवात करा, कारण सगळ्यात स्वस्त तेच आहे आणि सगळ्यात कमी तपासलं जातं. या गटातल्या गाड्यांच्या झाकणावर बहुतेक 0.9 किंवा 13 असा आकडा असतो. पहिला बारमध्ये, दुसरा पीएसआयमध्ये (दाबाची दोन मापं), दाब तेवढाच. या दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण 20 अंशांनी वर जातो. त्यात निम्मं कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव) असेल तर मिश्रण 120 अंशांच्या पुढे गेल्यावरच उकळतं. झाकण दाब धरत नसेल तर साधं पाणी शंभरालाच उकळणार, आणि घाटात हेडभोवतीचं पाणी तिथवर सहज पोहोचतं. झाकण उलटं करून बघा. खालचं मोठं रबर कडक झालंय का, त्यावर गळ्याच्या कडेचा खोल वण पडलाय का? मधोमध छोटी पितळी चकती असते, ती नखाने ओढून सोडा. टपकन परत बसली पाहिजे. भोवती पांढरा क्षार साचून ती अडकलेली असेल तर झाकण बदला, घासत बसू नका. बदलताना आकडा तोच ठेवा. जास्त दाबाचं झाकण बसवलं तर जुनी जाळी आणि जुने पाइप आधी फुटतात. गळ्याची आतली कडही बोटाने तपासा. तिथे खड्डा किंवा ओरखडा असेल तर नवं झाकणही दाब धरणार नाही.

यानंतर प्रेशर टेस्टर. झाकणाच्या जागी बसणारा हातपंप आणि मीटर, एवढंच ते यंत्र असतं. जळगाव-धुळ्याच्या बऱ्याच रेडिएटरवाल्यांकडे मिळतं. इंजिन थंड, पाणी काठोकाठ, आणि दाब झाकणावरच्या आकड्याएवढाच. पंधरा मिनिटं काटा हलता कामा नये. टेस्टर नाही म्हणून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा भरायचा उद्योग करू नका. त्या टाकीत सात-आठ बार दाब असतो, जाळी एका फटक्यात फुगते.

काटा उतरतोय आणि पाणी दिसत नाही, अशा वेळी बॅटरी (टॉर्च) घेऊन कोरडे डाग शोधा. गरम इंजिनवर पडलेला थेंब जागेवरच वाळतो, त्यामुळे पुठ्ठा कोरडा राहणं यात नवल काही नाही. मागे उरतो तो डाग: कूलंट असेल तर हिरवा किंवा गुलाबी, बोअरचं पाणी असेल तर पांढरा खरखरीत. वॉटर पंपाच्या शाफ्टखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथूनच येतं. त्या भोकाखाली ओघळाची रेघ दिसली की पंपाचं आयुष्य संपलं. ते भोक एम-सीलने बुजवलेले पंप रस्त्यावर बरेच दिसतात. त्यामुळे पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, बेअरिंग बसतं आणि पंखा जाळीत घुसतो. इंजिन बंद करून पंखा धरून पुढे-मागे हलवा. जाणवेल एवढा खुळखुळाट असेल तर पंप काढायलाच हवा.

मग होज पाइपांची टोकं. क्लिप सैल नसली तरी तिच्याखालचं रबर चिरलेलं असू शकतं. वरचा पाइप दाबला की कचकच आवाज आला, तर आतला थर सुटला आहे. खालच्या पाइपात आत स्प्रिंग असते. ती गंजून तुटली की आरपीएम वाढवल्यावर पंपाच्या ओढीने पाइप चपटा होतो आणि पाणी फिरणंच थांबतं. ही गोष्ट उभ्या गाडीत रेस दिल्यावर डोळ्यांनी दिसते, पण बघायला कुणी वाकत नाही. ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेले पत्र्याचे कोअर प्लग असतात. कूलंटशिवाय चाललेल्या इंजिनात ते आतून गंजतात. मॅनिफोल्डच्या (इंजिनला जोडलेल्या हवा-धुराच्या पाइपांच्या) मागे असलेला प्लग दिसत नाही, तिथे छोटा आरसा घालून बघावं लागतं. प्लास्टिकच्या टाकीची अ‍ॅल्युमिनियम जाळी असेल तर दोन्हींचा जोड जिथे पत्रा वळवून बसवलाय, ती पूर्ण कड तपासा. तिथली गळती कधी फक्त इंजिन थंड असताना दिसते आणि गरम झाल्यावर बंद होते. म्हणून दाबाची परीक्षा एकदा थंड आणि एकदा कोमट इंजिनवर घ्यायची. गाडीला हीटर असेल तर क्लीनरच्या पायाखालची मॅट उचला. खाली ओल आणि केबिनमध्ये गोडसर वास असेल तर हीटरची जाळी गळते आहे.

बाहेर काहीच सापडलं नाही, तरच आत वळायचं. आतही हेडचा नंबर शेवटी येतो.

ज्या कॉमन रेल (एका सामाईक नळीतून जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनांना ईजीआर कूलर आहे, त्यांत आधी तो तपासा. सायलेन्सरकडचा गरम धूर थंड करून परत इंजिनात पाठवणारी ही डबी असते आणि तिच्यातून इंजिनचंच पाणी फिरतं. आतली नळी तडकली की पाणी थेट इनटेकमध्ये (इंजिनात हवा जायच्या वाटेत) जातं आणि वाफ होऊन निघून जातं. बाहेर थेंब नाही, ऑइल स्वच्छ, आणि धूर पांढरा. वर्णन हुबेहूब गॅस्केटसारखं. कूलरला जाणारे पाण्याचे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडा, कूलर बाजूला काढा आणि त्याचं एक तोंड बुजवून पाण्याच्या बाजूने दाब द्या. धुराच्या बाजूने ओल आली की गुन्हेगार सापडला.

रेडिएटरमध्ये चहाच्या सायीसारखा तेलकट थर तरंगतोय पण डिपस्टिकवरचं ऑइल साफ आहे, अशा वेळी ऑइल कूलरवर संशय घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून तेल पाण्यात जातं. उलट दिशेने, म्हणजे पाणी ऑइलमध्ये, ते गाडी बंद केल्यावर थोडंफार जातं. हे तपासायला रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या ऑइल चेंबरचा (तळाच्या ऑइलच्या टाकीचा) नट सकाळी हळूहळू सैल करा. पाणी जड असल्याने तळाशी बसतं आणि ऑइलच्या आधी तेच बाहेर येतं. आलं, तर त्यानंतर स्टार्टर मारायचा नाही. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग फार वेळ टिकत नाहीत. ऑइल भरायच्या झाकणाखाली नुसता पांढरट फेस असेल तर मात्र घाबरू नका. थंडीत गावातल्या गावात फिरणाऱ्या, थर्मोस्टॅट नसलेल्या गाडीला तो येतोच.

आता गॅस्केटची परीक्षा. सगळ्यात सोपी सकाळची. रात्रभर थंड झालेल्या इंजिनचं झाकण उघडून परत लावा, म्हणजे आत दाब उरत नाही. गाडी चालू करा आणि वरचा होज पाइप मुठीत धरा. पाणी अजून गार असताना, मिनिट-दोन मिनिटांत पाइप टणक झाला तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. एवढ्या लवकर पाण्याच्या प्रसरणाने दाब चढत नाही. पाइप मऊच राहिला तर झाकण उघडं ठेवून गळ्यात बुडबुडे बघा. सुरुवातीला थोडे येतात, ती अडकलेली हवा असते. रेस दिली की वाढणारे आणि थांबायचं नाव न घेणारे बुडबुडे वाईट. इथेही ईजीआर कूलर वेगळा करून परीक्षा पुन्हा घ्या, म्हणजे शंका राहत नाही.

निळ्या द्रवाचा ब्लॉक टेस्टर मिळाला तर उत्तम. गळ्यावर बसवून रेडिएटरमधली हवा त्या द्रवातून ओढायची. पाणी द्रवात जाऊ नये म्हणून पातळी दोन इंच खाली घ्या. पेट्रोल इंजिनात वायू शिरत असेल तर द्रव पिवळा होतो. डिझेलच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो, म्हणून तो हिरवटावरच थांबतो. पिवळ्याची वाट बघत बसलात तर फुटलेलं गॅस्केट पास होईल. आणि तुमच्यासारखी फक्त लोडमध्ये तापणारी गाडी असेल तर ही परीक्षा गाडी चढावर ताणून आणल्यावर, पण झाकण सुरक्षित उघडण्याइतकी थंड झाल्यावर घ्या. छोटी चीर उभ्या गाडीत बंदच राहते.

धुराचा रंग पाहून निकाल देणाऱ्यांपासून जरा सावध. पांढरा धूर तीन कारणांनी येतो. डोळ्यांना झोंबत असेल आणि डिझेलचा वास असेल तर ते न जळलेलं डिझेल आहे: इंजेक्टर, ग्लो प्लग, पंपाचा टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन. डिसेंबरच्या सकाळी दोन मिनिटांत विरणारी नुसती वाफ असेल तर सोडून द्या. गरम इंजिनवरही रेंगाळणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर, तो कूलंटचा.

घाटातल्या तापण्याचा हिशेब वेगळा मांडायला हवा. जाळी किती उष्णता बाहेर टाकते हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. डिसेंबरच्या दुपारी हवा 27 अंश आणि पाणी 95, म्हणजे फरक 68 चा. मे महिन्यात आपल्याकडे 45 अंशांत तोच फरक 50 वर येतो. म्हणजे तीच जाळी पाऊण क्षमतेने काम करते. पाव जाळी बुजलेली असली तरी हिवाळ्यात कळत नाही, आणि उन्हाळ्यात पहिल्याच घाटात बिंग फुटतं. गाडी 'अचानक' तापायला लागली असं वाटतं, पण जाळी वर्षानुवर्षं बुजत आलेली असते.

बाहेरून ती आपल्याकडे कापसाने बुजते. जिनिंगच्या हंगामात कापूस वाहिलेल्या गाडीच्या जाळीत रुईचे तंतू अडकतात, त्यावर धूळ आणि डिझेलचा चिकटा बसतो आणि नमद्यासारखा थर तयार होतो. एसी असेल तर हा थर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसतो, समोरून जाळी चकाचक दिसते. कंडेन्सर सैल करून मध्ये बॅटरी मारून बघा. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारा, साध्या पाइपाने. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की पाकळ्या आडव्या होतात आणि जाळी कायमची अर्धी बंद होते.

आतून बुजते ती बोअरच्या पाण्याने. हे पाणी जड असतं, उकळलं की क्षार सोडतं, आणि क्षाराचा पातळ थरही उष्णता अडवतो. गाडी गरम करून बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने जाळीचे निरनिराळे भाग मोजा. वरून खाली किंवा एका बाजूकडून दुसरीकडे तापमान हळूहळू उतरायला हवं. मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. तांब्या-पितळेची जाळी असेल तर रेडिएटरवाला टाकी खोलून नळ्यांत सळई घालून साफ करतो आणि परत झाळून देतो. प्लास्टिक टाकीच्या जाळीला हा उपचार नाही, ती बदलायची.

पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कवच, श्राउड, जागेवर आहे का? अपघातात फुटलं की कुणी परत बसवत नाही. ते नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच फिरवतो. हायवेला वाऱ्यामुळे निभतं, दुसऱ्या गियरमध्ये चढताना निभत नाही. सिलिकॉनचा व्हिस्कस पंखा (सिलिकॉन तेल भरलेल्या कपलिंगवर फिरणारा) असेल तर गरम गाडी बंद करून पंखा हाताने फिरवा. मोकळा गरगर फिरला तर कपलिंग गेलं आहे, अडखळत फिरायला हवा. आणि एक चाकांकडचं: ब्रेक जाम असेल तर इंजिन विनाकारण ओढत राहतं. उतरून चारही ड्रम हाताने न शिवता, जवळ हात नेऊन बघा, एखादा जास्त गरम आहे का.

थर्मोस्टॅट तातडीने परत बसवा. 'वॉल काढला की गाडी थंड राहते' ही आपल्याकडची सगळ्यात महागडी समजूत आहे. बऱ्याच इंजिनांत या वॉलला खाली दुसरी चकती असते. वॉल उघडला की ती बायपासची वाट बंद करते आणि सगळं पाणी जाळीकडे जातं. वॉलच नाही म्हटल्यावर बायपास कायम उघडा, म्हणजे गरम पाण्याचा एक हिस्सा जाळीला न शिवता इंजिनातच फिरत राहतो. सपाटीला गाडी गरजेपेक्षा थंड चालते, डिझेल जास्त खाते, आणि घाटात तापते. तुमचं वर्णन अगदी हेच आहे. नवा वॉल बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने टांगा आणि थर्मामीटर ठेवून तापवा. वॉलवर 82 छापलं असेल तर 82 च्या आसपास उघडायला लागून साधारण 95 ला पूर्ण उघडला पाहिजे. वॉलच्या कडेला हवा सुटण्याचं बारीक भोक असेल तर बसवताना ते वर ठेवा.

इतकं करूनही सकाळच्या परीक्षेत पाइप टणक होत असेल, तर हेड उतरवा, आणि मिस्तरीशी बोलणी आधीच करा. हेड नुसतं घासून परत बसवायचं नाही. इंजिनिअरिंग वर्क्समध्ये नेऊन गरम पाण्यात दाब देऊन चीर तपासायची, विशेषतः दोन व्हॉल्वच्या मधली. सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालायचा. कंपनीच्या मॅन्युअलची मर्यादा पाळावी. ती हाताशी नसेल तर 0.10 मिलिमीटरची पाती शिरणारं हेड तसंच बसवू नये. ब्लॉकचा माथाही याच पद्धतीने तपासा, तो बहुतेक जण बघतच नाहीत. फेसिंग (मशीनवर घासून सपाट करणं) केलं की व्हॉल्व किती खोल बसतात ते पुन्हा मोजावं लागतं, नाहीतर व्हॉल्व पिस्टनला भिडतो. कॉमन रेल इंजिनांत गॅस्केट वेगवेगळ्या जाडीची येतात आणि कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात. जुन्यावर जितक्या खुणा तितक्याच नव्यावर बघा. बोल्टांच्या भोकांतलं तेल-पाणी हवेने पूर्ण उडवा. भोकात तेल राहिलं तर आवळताना टॉर्क (आवळण्याचा जोर) खोटा दिसतो, कधी ब्लॉकही तडकतो. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच. अंशात फिरवून आवळायचे बोल्ट असतील तर नवेच घ्या, एकदा ताणलेले पुन्हा वापरत नाहीत.

पाणी भरताना बोअरचं नको. डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी आणि कूलंट कॉन्सन्ट्रेट निम्मं-निम्मं. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, हे म्हणणं चुकीचं आहे. ते गंजाविरुद्ध, पंपाच्या सीलसाठी आणि उत्कलनबिंदूसाठी लागतं. डब्यावर आयएस 5759 (कूलंटचं भारतीय मानक) आहे का बघा, रंगावर जाऊ नका. 'रेडी टू यूज' लिहिलेल्या डब्यात पाणी आधीच मिसळलेलं असतं, त्यात आणखी घालू नका. निव्वळ कॉन्सन्ट्रेटही भरू नये, कारण ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. आधी ड्रेन उघडून साध्या पाण्याने दोन-तीनदा फ्लश करा, शेवटचं डिस्टिल्ड पाण्याने. ब्लॉकमध्ये साताठशे मिली पाणी राहतंच, म्हणून मॅन्युअलमधल्या एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओता आणि मग पाण्याने भरा. गाडीचं तोंड चढाला करून झाकण उघडं ठेवा, वरचा पाइप हळूहळू दाबत राहा आणि वॉल उघडेपर्यंत चालू ठेवा. बुडबुडे थांबून पातळी खाली बसली की भरून झाकण लावा.

वाटेत काटा चढला तर एसी बंद करा, बाजूला घ्या. पाणी आहे, बेल्ट शाबूत आहे आणि काटा लाल पट्टीच्या अलीकडे आहे तोवर इंजिन थोड्या जास्त आरपीएमवर मोकळं चालू द्या. बेल्ट तुटला किंवा पाणी उडालं तर लगेच बंद. झाकणाला निदान पाऊण तास हात लावू नका. थंड पाणी तापलेल्या इंजिनात ओतलं की हेडला चीर पडते. हळदीची पूड टाकून जाळीचं बारीक भोक बंद होतं हे खरं, गाडी मार्केटपर्यंत पोहोचतेही. पण ती हळद हीटरच्या आणि जाळीच्या बारीक नळ्यांतही बसते, म्हणून आठवडाभरात फ्लश करणं भाग आहे.

काट्यावरही पूर्ण विश्वास नको. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणी खाली गेलं की तो हवेत लटकतो आणि इंजिन जळत असताना काटा अर्ध्यावर येऊन शांत बसतो. चढावर काटा चढता-चढता एकदम खाली आला, तर तो दिलासा समजू नका, लगेच गाडी थांबवून बाटली बघा. उलट, पाणी कोमट असताना काटा लाल दाखवत असेल तर सेन्सरची वायर बॉडीला घासली आहे का बघा. वायर सुटी केल्यावर काटा खाली पडला, तर बिघाड वायरचा नसून सेन्सरचा असू शकतो. म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा आणि तो आकडा काट्याशी ताडून पाहा.